हॉर्मोनचा रिपोर्ट हाती आल्यावर: आकड्याआधी तारीख बघा

मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या पिशवीत गोळ्यांपेक्षा कागद जास्त निघतात. लातुरात लॅबच्या काउंटरवर बसून मी ते रोज बघते. एफएसएच, एएमएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, प्रोजेस्टेरॉन, बीटा एचसीजी. आकडा ठळक छापलेला, शेजारी वर किंवा खाली जाणारा बाण, आणि तो बाण बघून घरात सुरू झालेली रडारड. कागदावर दोन गोष्टी मात्र बहुतेक वेळा नसतात: रक्त दिलं तो पाळीचा कितवा दिवस होता, आणि तेव्हा कोणतं औषध चालू होतं. एवढं माहीत नसेल तर यातले बरेचसे आकडे वाचताच येत नाहीत.

प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणाऱ्या हॉर्मोनचा, ०.६ हा आकडा उदाहरण म्हणून घ्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी तो अगदी हवा तसा आहे. पाळी यायला सात दिवस उरले असताना तोच आला, तर त्या महिन्यात बीज फुटलेलं नाही असं समजायचं. आणि गोठवलेल्या गर्भाच्या ट्रान्सफरवेळी, म्हणजे तो गर्भाशयात ठेवताना, फक्त डायड्रोजेस्टेरॉनच्या (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या) गोळ्या चालू असताना आला, तर त्यातून काहीच कळत नाही, कारण ती गोळी या तपासणीत दिसतच नाही.

म्हणून पुढे प्रत्येक हॉर्मोनबद्दल हेच बघू: कधी तपासायचं, आकड्यातून काय कळतं आणि त्यामुळे उपचारात काय बदलतं. काहीच बदलणार नसेल तर ती तपासणी करायची तरी कशाला? औषधाचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. पण ओपीडीत हाती येणाऱ्या चार-पाच मिनिटांत काय विचारायचं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

पहिलं काम: वही

दोनशे पानी वही घ्या आणि आडव्या रकान्यांत लिहा: तारीख, पाळीचा दिवस, तपासणी, आकडा, एकक, लॅबचं नाव, चालू औषधं. रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. आधीचे एक-दोन दिवस नुसता डाग दिसला तर तो मोजायचा नाही. पाळी रात्री आली तर कोणता दिवस धरायचा हे प्रत्येक दवाखाना आपापल्या पद्धतीनं ठरवतो, ते एकदा विचारून घ्या.

एककाचा रकाना मुद्दाम सांगितला. एएमएच कुणी नॅनोग्रॅममध्ये देतं, कुणी पिकोमोलमध्ये, आणि १ नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ७.१४ पिकोमोल. एका लॅबमध्ये १.१ आणि दुसरीत ८ आला म्हणजे औषध लागू पडलं असं नाही. आकडा तोच आहे. इस्ट्राडिओलचा (अंडाशयातल्या इस्ट्रोजेनचा) पिकोग्रॅममधला आकडा ३.६७ नं गुणला, किंवा प्रोजेस्टेरॉनचा नॅनोग्रॅममधला ३.१८ नं, की दुसरं एकक मिळतं. शक्यतो सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा. दोन कंपन्यांच्या मशीनवर एकाच बाटलीतल्या रक्ताचे आकडे थोडे वेगळे येतात.

आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? बऱ्याच हॉर्मोन मशीनची रसायनंच बायोटिनच्या आधारावर चालतात. मोठ्या डोसच्या बायोटिनमुळे अशा मशीनवर टीएसएच (थायरॉइडची तपासणी), एफएसएच, एचसीजी (दिवस राहिल्याचं हॉर्मोन) खोटे कमी दिसू शकतात आणि इस्ट्राडिओल, प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त. ‘केस, त्वचा, नखं’ असं लिहिलेली कोणतीही गोळी तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवावी का, ते डॉक्टरांना विचारा आणि रक्त घेणाऱ्यालाही सांगा. वैदूची पुडी, ‘मुलगाच होईल’ म्हणून दिलेलं चूर्ण, काहीही चालू असेल तर त्याचंही नाव वहीत हवं. त्या पुडीत काय असतं हे देणाराही सांगू शकत नाही.

नवऱ्याची तपासणी आधी

सून एकटी, सोबत सासू, आणि हातात सुनेचे दहा-बारा रिपोर्ट. नवऱ्याचा एकही नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “त्याला काय झालंय? चांगला धडधाकट हाय की.” मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं, आणि वीर्यतपासणी ही या सगळ्या यादीतली सर्वांत स्वस्त तपासणी आहे. बायकोच्या हॉर्मोनवर एक रुपया घालवण्याआधी ही करून घ्या.

दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा, तोही शक्यतो लॅबमध्येच. घरून आणायचा तर तासाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून पोचला पाहिजे. अहमदपूरहून एसटीनं डबी घेऊन लातूरला आलात तर हालचाल कमीच दिसणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, नीट पुढे जाणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. ‘फक्त ४ टक्के चांगले’ वाचून घाबरू नका, किमान मर्यादाच तेवढी आहे. एक रिपोर्ट वाईट आला तर पुन्हा तपासा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून मध्ये जोराचा ताप येऊन गेला असेल तर त्याचा परिणाम पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रिपोर्टात दिसतो.

पुरुषाचे हॉर्मोन सरसकट तपासायची गरज नसते. संख्या फारच कमी किंवा शून्य असेल तेव्हा एफएसएच आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन बघतात. शुक्राणू शून्य आणि एफएसएच बराच चढलेला, तर अडचण वृषणात शुक्राणू बनण्यात आहे. शून्य असून एफएसएच नेहमीसारखा, तर वाटेत अडथळा असू शकतो. दोन्हींचे उपचार वेगळे. जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं डॉक्टरांपासून लपवू नका. बाहेरून हॉर्मोन आलं की मेंदू आतलं काम थांबवतो आणि शुक्राणू अगदी शून्यावरही येतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत वाढतात, पण त्याला महिने लागतात.

पाळीचा दुसरा-तिसरा दिवस

एफएसएच, एलएच (बीज फुटायला लावणारं हॉर्मोन) आणि इस्ट्राडिओल या तिन्हींचं रक्त याच दिवसांत द्यायचं. एफएसएच मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं आणि अंडाशयाला बीज वाढवायला सांगतं. अंडाशय दाद देईनासं झालं की मेंदू ते जास्त सोडतो, म्हणून या दिवशी एफएसएच १० च्या वर गेला की बीजांचा साठा कमी होत चालल्याची शंका घेतात.

यात एक फसगत होते. इस्ट्राडिओल त्या दिवशी आधीच चढलेलं असेल, समजा ८० पिकोग्रॅमच्या वर, तर ते एफएसएचला दाबून ठेवतं. कागदावर एफएसएच ७ दिसतो, घरी सगळे निवांत होतात, आणि खरं चित्र झाकलेलंच राहतं. म्हणून नुसता एफएसएच करू नका, जोडीला इस्ट्राडिओल हवंच. या दिवशी सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतल्या बारीक फॉलिकल (बीज वाढतं त्या पिशव्या) मोजल्या तर आणखी चांगलं. एलएच आणि एफएसएच यांचं प्रमाण काढून पीसीओएस (बीज वेळेवर न फुटण्याचा अंडाशयाचा आजार) ठरवायची जुनी सवय अजून दिसते, पण आता निदानासाठी ते लागत नाही.

एएमएच: सर्वांत जास्त भीती घालणारा आकडा

“आमच्या सुनंचं बीज झिरो पॉइंट आठवर आलंय म्हणं. आता संपलंच का ओ?” केजकडच्या एका आजीबाईंचा हा प्रश्न. सून शेजारी मान खाली घालून उभी, वय एकोणतीस. तिच्या पिशवीत वर्षभरातले तीन लॅबचे एएमएचचे कागद होते: ०.९, ०.७, ०.८. दर वेळी आकडा वाढावा म्हणून पावडर, दर वेळी नवा खर्च. मशीन-मशीनमधल्या फरकापलीकडे त्या तीन आकड्यांत काहीही हललेलं नव्हतं.

एएमएच अंडाशयातल्या अगदी लहान फॉलिकल तयार करतात. पाळीच्या दिवसानुसार ते फारसं बदलत नाही, म्हणून कधीही तपासता येतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र काहीसं कमी दिसतं. साधारण १ ते १.२ नॅनोग्रॅमच्या खाली साठा कमी समजतात, ३.५ च्या वर गेला तर इंजेक्शनांना अंडाशय जास्त प्रतिसाद देईल हे गृहीत धरतात. कणगीत ज्वारी किती उरली याचा हा अंदाज आहे. दाणा टपोरा आहे की पोचट, हे त्यावरून कळत नाही. बीजाची प्रत मुख्यतः वयावर ठरते. एकोणतिसाव्या वर्षी ०.८ असलेल्या बाईला आयव्हीएफमध्ये (बीजं बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करतात त्या उपचारात) बीजं कमी मिळतील, पण जी मिळतील त्यांतली गर्भ धरण्याजोगी असण्याची शक्यता बेचाळिशीतल्या ३.० वालीपेक्षा बरीच जास्त.

आपोआप दिवस राहण्याचा अंदाज तर या आकड्यावरून बांधूच नये. २०१७ मध्ये अमेरिकेत ३० ते ४४ वर्षांच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी एएमएच असलेल्यांना दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं नाही.

मग हा आकडा कशाला? दोन निर्णयांसाठी. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनचा डोस किती, आणि थांबायला वेळ आहे की नाही. चौतिशीत ०.६ असेल तर ‘आणखी दोन वर्षं बघू’ म्हणणं परवडत नाही. एकदा केला, निर्णय झाला, की दर तीन महिन्यांनी पुन्हा करायचं कारण नाही. मला विचाराल तर आमच्या भागात गरजेपेक्षा सर्वांत जास्त वेळा होणारी तपासणी हीच, आणि लॅबमध्ये बसून मी हे लिहिते आहे.

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन जोडीनं वाचा

टीएसएच कोणत्याही दिवशी चालतं. उपचारात असलेल्या बायकांमध्ये ते २.५ च्या आसपास किंवा खाली असावं असं बरेच डॉक्टर धरतात. ४ च्या वर असेल तर बहुधा गोळी सुरू होते. थायरॉइडविरोधी अँटिबॉडी रक्तात आहेत पण टीएसएच नॉर्मल, अशा बायकांना गोळी देऊन बाळ होण्याचं प्रमाण वाढतं का, हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनं २०१९ मध्ये तपासलं. गोळीवाल्या ३७.४ टक्के, बिनगोळीवाल्या ३७.९. फरक नाही. तेव्हा नुसत्या अँटिबॉडीसाठी औषध सुरू होत असेल तर कारण विचारा.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-पाऊण तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं. इथेच गडबड होते: आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियम आणि थायरॉइड, तिन्ही एकाच घोटात जातात आणि मग टीएसएच खाली येत नाही म्हणून डोस वाढत राहतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, आधी नको.

प्रोलॅक्टिनची (अंगावर दूध आणणाऱ्या हॉर्मोनची) वरची मर्यादा साधारण २५ नॅनोग्रॅम. हे हॉर्मोन ताणानं, अपुऱ्या झोपेनं, संबंधानंतर, इतकंच काय, सुई टोचायच्या भीतीनंही वाढतं. उठल्यावर दोन-तीन तासांनी, लॅबमध्ये वीसेक मिनिटं शांत बसून रक्त द्या. पहाटेच्या गाडीनं धावत येऊन लगेच हात पुढे करू नका. मळमळीवरची डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी ते बरंच चढतं. ३५-४० आलं तर आधी असं पुन्हा तपासा आणि टीएसएच बघा, कारण थायरॉइड मंद असलं की प्रोलॅक्टिनही चढतं. तिथे थायरॉइडचीच गोळी पुरते, प्रोलॅक्टिनची वेगळी लागत नाही. १०० च्या वर असेल तर मात्र डॉक्टर पिट्यूटरीचा एमआरआय सांगू शकतात.

गोळ्या, फॉलिकल स्टडी आणि ‘एकविसावा दिवस’

पीसीओएसमध्ये बीज फुटावं म्हणून पहिली गोळी बहुधा लेट्रोझोल असते. घरी गेल्यावर कुणीतरी मोबाइलवर नाव टाकतं, ‘स्तनाच्या कॅन्सरचं औषध’ असं दिसतं आणि गोळी बंद होते. भारतात वंध्यत्वासाठी हे औषध वापरायला २०११ मध्ये बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली, त्यामुळे घाबरवणारी जुनी माहिती अजून फिरते. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० बायकांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के बायकांना बाळ झालं, क्लोमिफिन ही जुनी गोळी घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्क्यांना.

बीज फुटलं की नाही हे प्रोजेस्टेरॉनवरून कळतं. चिठ्ठीवर ‘२१ व्या दिवशी’ लिहिलेलं असतं, पण ते २८ दिवसांच्या पाळीसाठी. खरा नियम असा की पुढची पाळी अपेक्षित आहे त्याच्या सात दिवस आधी. ३५ दिवसांनी पाळी येत असेल तर २८ वा दिवस. ३ नॅनोग्रॅमच्या वर आकडा आला म्हणजे बीज फुटलं, एवढंच समजायचं. तो ८ आहे की १६, यावरून ‘चांगलं’ आणि ‘कमजोर’ ठरवू नका. हे हॉर्मोन दिवसभर झटक्या-झटक्यानं सुटतं, दीड-दोन तासांत आकडा दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. फॉलिकल स्टडीत (फॉलिकलची वाढ बघायच्या सोनोग्राफीत) बीज फुटलेलं दिसलं असेल तर ही तपासणी वगळलेलीही चालते.

आयव्हीएफची इंजेक्शनं: दहा-बारा दिवस

सुरू करण्याआधी दवाखान्याची नोंदणी बघा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार ती सक्तीची आहे. स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असेल तरच उपचार करता येतात. मुलगा की मुलगी हे निवडून देण्याची कुजबूज कुठे झाली तर तिथून उठा. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. कायद्यानं गुन्हा असलेला हा प्रकार आपल्या भागात कुठवर गेला ते यावरून कळतं.

वेळ कधीची धरायची? बीड, धाराशिव, जालन्याकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. या दहा-बारा दिवसांत चार-पाच वेळा सोनोग्राफी आणि रक्ततपासणी असते, ती फडावरून जमत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. हंगामाआधी बीजं काढून गर्भ गोठवायचे आणि परतल्यावर ट्रान्सफर करायचा, अशी आखणी होऊ शकते. सांगितलंच नाही तर कुणी आखणार नाही.

इंजेक्शनची पेटी घरी न्यायची असेल तर पाकिटावरचं तापमान वाचा. पेनमधली इंजेक्शनं बहुतेक २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, पावडरची काही २५ अंशांपर्यंत चालतात. एप्रिलमध्ये परभणीत पारा ४२ वर असतो. एका बाईंनी चहाच्या थर्मासमध्ये बर्फाचे खडे टाकून त्यातच बाटल्या बुडवून आणल्या होत्या. गोठलेलं औषधही वायाच जातं. आइसपॅक टॉवेलात गुंडाळा, त्यावर औषध, सगळं झाकणाच्या डब्यात. घरी फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याखाली नको, मधल्या फळीवर ठेवा. वीज चार-सहा तास जात असेल तर गावातल्या मेडिकलवाल्याच्या किंवा आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये जागा मिळते का ते बघा.

या काळात दोन हॉर्मोनवर लक्ष असतं. इस्ट्राडिओल: प्रत्येक पिकलेल्या फॉलिकलमागे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम. फॉलिकल दहा आणि आकडा २,५०० असेल तर हिशेब जुळतो. आकडा फार वर गेला आणि फॉलिकलही खूप असल्या, तर अंडाशय अति फुगण्याचा धोका वाढतो. अशा वेळी डॉक्टर बीज पिकवण्याचं शेवटचं इंजेक्शन बदलतात, एचसीजीऐवजी वेगळं देतात.

दुसरं प्रोजेस्टेरॉन. शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी ते सुमारे १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर गर्भाशयाचं अस्तर वेळेआधी पुढे सरकतं, आणि त्याच महिन्यात ट्रान्सफर केल्यास दिवस राहण्याचं प्रमाण कमी होतं. हे आयव्हीएफच्या हजारो उपचारांच्या नोंदींत दिसलं आहे. पण तेच गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात ठेवले तर हा तोटा दिसत नाही. बीजं खराब झालेली नसतात, अस्तराची वेळ चुकलेली असते. म्हणून डॉक्टर ‘सगळे गोठवू’ म्हणाले की पैसे काढायचा डाव असंच लगेच समजू नका. त्या दिवशीचा प्रोजेस्टेरॉन किती होता ते विचारा. पीसीओएस असलेल्यांमध्ये तर गोठवण्याचा फायदा स्पष्ट आहे: चीनमध्ये झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोठवलेल्या गर्भांनी ४९.३ टक्के आणि ताज्या ट्रान्सफरनं ४२ टक्के बायकांना बाळ झालं, शिवाय अंडाशय फुगण्याचं प्रमाण ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आलं. पीसीओएस नसलेल्यांमध्ये नंतरच्या चाचण्यांत असा फरक निघाला नाही, तेव्हा सरसकट सगळ्यांचे गोठवत असतील तर ‘का’ हा प्रश्न रास्त आहे.

या दोन्ही तपासण्यांचा रिपोर्ट त्याच दिवशी हवा. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर दिलेलं रक्त पुण्या-मुंबईला जाऊन दोन दिवसांनी आकडा येणार असेल तर तो काही कामाचा नाही.

शेवटच्या इंजेक्शनची वेळ घड्याळ लावून पाळायची. बीजं ३४ ते ३६ तासांनी काढतात: मंगळवारी रात्री नऊला इंजेक्शन, तर गुरुवारी सकाळी सात ते नऊ. गावातल्या डॉक्टरांकडून टोचून घ्यायचं असेल तर त्यांना दुपारीच आठवण करा. टोचायला तासभर उशीर झाला तर लपवू नका, दवाखान्याला फोन करा. ते काढायची वेळ पुढे सरकवतात.

पुढच्या दोन आठवड्यांत पोट तट्ट फुगणं, एका दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, उलट्या, धाप लागणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

ट्रान्सफर आणि प्रोजेस्टेरॉन

गोठवलेला गर्भ ठेवताना बऱ्याचदा पाळी औषधांवर चालवतात. आधी दोन आठवडे इस्ट्रोजेनच्या गोळ्या, अस्तर ७ मिमीच्या वर आलं की प्रोजेस्टेरॉन, आणि पाच दिवसांचा गर्भ असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी ट्रान्सफर. या पद्धतीत त्या महिन्यात बीज फुटलेलं नसतं, म्हणजे शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. सगळी भिस्त बाहेरच्या औषधावर. एक डोस विसरला तर मागे दुसरा आधार नसतो.

योनीमार्गातल्या गोळ्यांनी गर्भाशयात औषध भरपूर पोचतं, रक्तात मात्र कमी दिसतं. तरीही ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातला आकडा सुमारे ९ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर दिवस टिकण्याचं प्रमाण कमी असल्याचं स्पेनमधल्या अभ्यासांत दिसलं. त्यावर उपायही आहे: इंजेक्शनची जोड द्यायची. म्हणून तुमची पाळी औषधांवर असेल तर ‘ट्रान्सफरच्या आधी प्रोजेस्टेरॉन बघणार का, कमी आलं तर काय वाढवणार?’ हे विचारा. रक्त देताना शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहा. ट्रान्सफर नैसर्गिक पाळीत असेल तर ही चिंता बरीच कमी.

ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस खाटेवर पडून राहायचं, जिना चढायचा नाही, हे कुणी सांगितलं तर सोडून द्या. पडून राहिल्यानं गर्भ जास्त टिकतो असं कुठं दिसलेलं नाही.

बीटा एचसीजी

घरच्या पट्टीवर लवकर विश्वास ठेवू नका. एचसीजीचं इंजेक्शन झालं असेल तर ते दहा ते चौदा दिवस शरीरात राहतं आणि पट्टीवर दोन रेघा उमटतात. दिवस राहिलेलेच नसतात. आयव्हीएफमध्ये पाच दिवसांचा गर्भ ठेवल्यावर साधारण ९ ते ११ दिवसांनी, आणि आययूआयनंतर (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडल्यावर) चौदा दिवसांनी किंवा थोडं पुढे रक्त द्यायचं. ५ च्या खाली म्हणजे नाही, २५ च्या वर म्हणजे हो, मधलं असेल तर दोन दिवसांनी पुन्हा.

‘माझं १४०, तिचं ४१०’ ही तुलना व्यर्थ आहे. ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये केलेला दुसरा आकडा खरं सांगतो. ‘दुप्पट झालाच पाहिजे’ असं ऐकायला मिळतं, पण किमान अपेक्षा त्याहून कमी आहे: पहिला आकडा १,५०० च्या खाली असेल तर ४९ टक्के वाढ, १,५०० ते ३,००० मध्ये ४० टक्के, आणि त्यावर ३३ टक्के. म्हणजे सोमवारी १२० असेल तर बुधवारी १७९ तरी यावा. त्याहून मंद वाढ, तिथेच अडकलेला किंवा घसरलेला आकडा, यांत गर्भ न टिकणं किंवा नळीत रुजणं या दोन्ही शक्यता असतात. पुढच्या दोन-तीन तपासण्या टाळू नका.

दोन आकडे नीट वाढले की रोज बीटा करणं थांबवा. साडेसहा-सात आठवड्यांना सोनोग्राफीत ठोके दिसतात, आणि तिथून पुढे बीटाला काही महत्त्व उरत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर पॉझिटिव्ह आलेल्या दिवशीच डॉक्टरांना कळवा, डोस बहुधा वाढवावा लागतो. प्रोजेस्टेरॉन स्वतःहून बंद करू नका. वार (प्लासेंटा) हॉर्मोन बनवायला लागेपर्यंत, औषधांवरच्या पाळीत बहुधा दहा-बारा आठवड्यांपर्यंत, ते चालतं. योनीतल्या गोळ्यांनी थोडा तपकिरी डाग दिसू शकतो. डाग दिसला म्हणून गोळी टाळायची नाही, फोन करायचा.

एक गोष्ट मात्र फोनवर सोडू नका. बीटा पॉझिटिव्ह आहे, गर्भ गर्भाशयात अजून दिसलेला नाही, आणि पोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं किंवा भोवळ येत असेल, तर गर्भ नळीत असून ती फुटली असण्याचा धोका आहे. आयव्हीएफ झालं तो दवाखाना तीन तासांवर असेल तर तिकडे निघू नका. १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेलं जवळचं जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथे गेल्या गेल्या पहिल्यांदा हेच सांगा: ट्रान्सफर कोणत्या तारखेला झाला, शेवटचा बीटा किती होता, रक्तगट कोणता.